चार नंबरचा माइक

ठिणगीनं शाळा सोडली तेव्हा घरात जे भांडण झालं, ते खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकलं.

"मी गाण्यातलं काम करणार," ती म्हणाली.

"गाता येतं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"वाजवता?"

"नाही."

"मग गाण्यात जाऊन काय करणार, सतरंज्या झटकणार?"

"मला ऐकू येतं."

आई म्हणाली, "ऐकू तर बोक्यालाही येतं." आणि हसली. आत्या मात्र हसली नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती त्यांच्याच घरात राहायची आणि सव्वीस वर्षं कोरसमध्ये गायची. म्हणजे मोठा गायक पुढे गातो ना, त्याच्या मागे सहासात जण 'आऽ' नाहीतर 'ओऽ' करत उभे असतात, त्यातली एक. पोरीला काय म्हणायचंय ते आत्याला कळलं होतं. चार वर्षांची असताना ही चिमुरडी फ्रिजसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "हा आणि पंखा भांडतायत." आत्यानं कान लावून ऐकलं तर खरंच, दोघांचे सूर एकमेकांना घासत होते.

ठिणगी हे नाव मात्र तिला कानामुळे नाही, तोंडामुळे पडलं. कोणी काही बोललं की हिची वात पेटलीच. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर उरलं, आणि आता शाळाही गेली.

शेवटी बाबांनी अट घातली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांचं सगळं वजन-मापात असायचं. "चार कामं. गाण्यातली हवी ती चार कामं करून बघ. चौथं सुटलं की परत शाळेत, तुझ्याहून लहान पोरांच्या बाकावर. मान्य?" शाळेचा फॉर्म त्यांनी फ्रिजवर ठेवला आणि वर लिफ्टचा एक हा एवढा जाडजूड नट ठेवला, उडायला नको म्हणून.

"मान्य," ठिणगी म्हणाली.

"आणि जामीन मी," आत्या म्हणाली.

पहिलं काम वाद्यांच्या दुकानात. दुकानदार चाळीस वर्षं गिटारी आणि व्हायोलिनं सुरात लावून विकत होता. ठिणगीला वाटलं, हा माणूस एकटा असताना काय वाजवत असेल! आठव्या दिवशी तिनं विचारलं, "काका, एक गाणं वाजवा ना." काका म्हणाले, "मला एकही येत नाही." तिला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. चाळीस वर्षांत त्या माणसानं तारा पिळल्या, गिटारींच्या वाकलेल्या माना सरळ केल्या, पण गाणं एकही वाजवलं नव्हतं. ठिणगी दिवसभर तोंड उघडं टाकून हिंडली. आणि नवव्या दिवशी त्याच उघड्या तोंडानं एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "एवढी मोठी गिटार घेऊ नका, तुमच्या मुलाची बोटंच पोचत नाहीत." गिऱ्हाईक गेलं, पाठोपाठ ठिणगी.

दुसरं काम लहान मुलांच्या गाण्याच्या वर्गात, हजेरी घ्यायचं. तिथल्या बाई फार प्रेमळ. पोरं किंचाळायची आणि बाई डोळे मिटून, मान डोलवत म्हणायच्या, "वा, छान." ठिणगीची नजर तीक्ष्ण. एकदा बाईंनी केस मागे घेतले आणि तिला दिसलं, दोन्ही कानांत कापूस! गाणं शिकवणारी बाई, कानात बोळे घालून! ठिणगीला बसलेला धक्का तिच्या पोटात राहीना. तो तिनं एका मुलाच्या आईला सांगितला. त्या आईनं बाकीच्या सगळ्या आयांना.

तिसरं काम मोठ्या कार्यक्रमांच्या आवाजाच्या टोळीत. जाड वायरी गुंडाळायच्या, खोकी उचलायची. हे तिला आवडलं. वायर एक वेढा आतून, एक वेढा बाहेरून घ्यायची, म्हणजे उलगडताना गाठ पडत नाही, हे तिला दोन दिवसांत जमलं. मग एका रविवारी, भर कार्यक्रमात, साउंडवाला चहा आणायला गेला आणि तिनं पाहिलं, गायकाच्या माइकचा आवाज चढवायची मशीनवरची पट्टी पार तळाला! बिचाऱ्याचा माइक चालू करायलाच विसरले वाटतं. तिनं पट्टी वर सरकवली. गाणं आधीच चालू होतं, गोड, मधात बुडवलेलं. आणि त्या गोड गाण्याच्या वरून, तीन हजार लोकांच्या डोक्यावर, त्याच गायकाचा धापा टाकणारा आवाज आला, "अजून किती उरलीत रे? पाठ गेली माझी."

लोकांना कळायला एक क्षण लागला. ठिणगीला दोन. गाणं टेपवर होतं. माणूस नुसते ओठ हलवत होता.

"मदत करायला गेले मी," ती रडकुंडीला येऊन घरी म्हणाली.

"तीन झाली," बाबा म्हणाले. त्यांनी फ्रिजवरचा नट जरासा सरळ केला.

चौथं काम आत्यानं आपल्याच स्टुडिओत मिळवून दिलं. जाताना रस्त्यात एवढंच म्हणाली, "हे बघ, तिथे मी तुझी कोणी नाही आणि तू माझी कोणी नाहीस. तोंडाला कुलूप, आणि किल्ली घरी."

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, मधे जाड काच. पलीकडे गाणारे, अलीकडे ऐकणारे. अलीकडे दोघं बसायचे. एक मशीनवाला, जाड चष्मा, दिवसभर अंधारात, मान तेवढी फिरवायचा. ठिणगीनं त्याचं नाव ठेवलं घुबड. दुसरा संगीतकार. तो गाणं असं ऐकायचा जशी छातीला नळी लावलीय, म्हणून तो डॉक्टर. आणि तिसरी आता ठिणगी, हातात पेन्सिल. तिचं काम शीट लिहायचं: कुठली ओळ कितव्या वेळेला चांगली गेली, कोण चुकलं, कुठे खोकला आला.

घुबडाच्या हाताशी एक लाल बटण होतं. ते दाबलं की इकडचं बोलणं पलीकडे गाणाऱ्यांच्या हेडफोनमध्ये जायचं. बटण जुनं होतं. कधी कधी दाबलं की वरच यायचं नाही, मग घुबड नखानं उपसून काढायचा आणि म्हणायचा, "ह्याला आणि मला एकदमच निवृत्त करा."

तीन आठवडे ठिणगी गप्प बसली. हा तिच्या आयुष्यातला विक्रम होता. चौथ्या आठवड्यात तिच्यानं राहवेना. "तिसऱ्या ओळीत गिटारची एक तार उतरलीय," ती म्हणाली. घुबड म्हणाला, नाही. गिटारवाला म्हणाला, शक्यच नाही. डॉक्टरनं तार तपासायला लावली. उतरलेली होती, केसभर. डॉक्टरनं खुर्ची वळवून तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"हे मशीनवर दिसत नाही का?" तिनं विचारलं.

"मशीन आकडा सांगतं. खुपतंय का, ते सांगत नाही," डॉक्टर म्हणाला.

त्या दिवसापासून डॉक्टर मधूनच विचारायला लागला, "काय गं, खुपतंय का?" कोरसवालेही तिला ओळखायला लागले. त्यातली सगळ्यात नवी, एक लाजरी बाई, रोज सकाळी येताना ठिणगीच्या टेबलावर खोकल्याची एक गोळी ठेवायची. ठिणगीला खोकला नव्हता. पण ती खायची.

घरी मात्र तिचं आणि आत्याचं वाजायला लागलं. किटली शिट्टी मारमारून दमायची, आत्या शेजारी उभी असून ढिम्म. ठिणगी न्हाणीघरातून टॉवेल मागायची, आत्या आपली गुणगुणत भांडी पुसतेय. फोन आला की उजव्या हातात भांडं नसलं तरी फोन डाव्या कानाला. रस्त्यानं चालताना ठिणगीला ढकलून डावीकडे घ्यायची. ठिणगीला सगळं दिसत होतं, आणि सगळ्याचा तिनं एकच अर्थ लावला: आत्या मुद्दाम करतेय, ऐकून न ऐकल्यासारखं.

एकदा ती तडकली. "बहिरी झालीस का गं?"

आत्याचा हात जिथल्या तिथे थांबला. मग ती म्हणाली, "तुझ्यापुढे बहिरं झालेलंच बरं." आणि पुन्हा भांडी पुसायला लागली.

पण गुणगुणणं ऐकलं की ठिणगीचा राग उतरायचा. आत्याच्या आवाजाला तळाशी एक खरखर होती, नवीन पोत्याला असते तशी. ठिणगी म्हणायची, "हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन."

"घरातला ओळखशील," आत्या म्हणायची. "कोरसमधला ओळखू आला तर समज, माझंच चुकलं."

मग ते मोठं काम आलं. रंगमंचावरचा एक संगीताचा खेळ, नऊ महिने चालणारा. कोरसमध्ये सात जण होते, जागा सहाच. एकाला कमी करायचं.

अशा वेळी त्या स्टुडिओत एक पद्धत होती. काचेवर पडदा ओढायचा. सातही जणांनी वाडग्यातून चिठ्ठी उचलायची, जो नंबर येईल त्या माइकसमोर जाऊन उभं राहायचं. अलीकडच्यांना कुठल्या नंबरवर कोण हे माहीत नाही. सगळ्यांनी एकत्र एक लांब 'ओऽ' तीनदा गायचा, शब्द नाहीत. मग घुबड एकेका माइकचा आवाज वेगळा काढून वाजवणार. शीटवर नंबर लिहायचा, डॉक्टर सही करणार, आणि सहीनंतरच पडदा उघडणार. सही झाली की देवाचा बापही बदलू शकत नाही. तोंड बघून कान फितूर होतो, असं डॉक्टरचं म्हणणं.

निवडीच्या दिवशी सकाळी डॉक्टर आला तो दोन्ही कानांत बोळे घालून. ठिणगीला गाण्याच्या वर्गातल्या बाई आठवल्या.

"सर्दी," डॉक्टर मोठ्यांदा म्हणाला. कान बंद झालेली माणसं बोलतात तसं. "माझे कान म्हणजे आज बंद दुकान. पुढे ढकलावं तर उद्या नावं कळवायचीत." मग त्यानं ठिणगीकडे बोट केलं. "तू ऐक. तू लिही. मी सही करतो."

"मी?"

"काय?"

"मी?" ती ओरडली.

"तूच. गिटारची तार कोणी पकडली, माझ्या आजोबांनी?"

ठिणगी सतरा वर्षांची होती. एवढा मोठा विश्वास तिच्यावर जन्मात कोणी टाकला नव्हता. तिला वाटलं, आता संध्याकाळी घरी जायचं, तो नट उचलायचा, आणि फॉर्मचं विमान करून खिडकीतून सोडायचं. ती ताठ बसली. पेन्सिलीला टोक काढलं. पडदा ओढलेला होता. पलीकडे पावलं वाजली, खुर्च्या सरकल्या, मग शांत.

सातही जण तीनदा गायले. छान गायले. मशीनवर प्रत्येक माइकचा एक हिरव्या दिव्यांचा पट्टा होता. सातही पट्टे एकदम चढायचे, एकदम उतरायचे. मग घुबडानं एकेक वेगळा काढला. ठिणगीनं डोळे मिटले.

एक नंबर भरदार. दोन नंबर श्वास चोरून घेतो, पण सूर पक्का. तीन ठीक. चार... चार कसा होता? पाण्यासारखा. ना गोड ना खारट, ना बाईचा म्हणावा ना मुलीचा, स्वतःचं काही नाहीच. आणि शेवटाला जरासा खाली आला. सुईच्या टोकाएवढा.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. पाच, सहा, सात, सगळे स्वच्छ.

घुबडानं बटण दाबून पलीकडे सांगितलं, "झालं. पाणी प्या, जागा सोडू नका." मग हळूच ठिणगीला विचारलं, "कोण?"

आणि ठिणगीच्या तोंडाचं कुलूप उघडलं. इतके आठवडे साठलेलं सगळं बाहेर आलं.

"चार नंबर. तिन्ही वेळा शेवटाला खाली येतो. म्हाताऱ्या लिफ्टसारखा, मजला यायच्या आधीच थांबतो. आपल्याला वाटतं पोचलो, आणि पाय टाकला की खड्डा. घरी बसवा त्याला, नाहीतर बाकीच्या सहांना घेऊन बुडेल." आणि तिनं शीटवर मोठा चार काढला, त्याला गोल केला.

पलीकडे कोणी पाणीही पीत नव्हतं. मग स्पीकरमधून एक आवाज आला, नेहमीचा, बोलण्यातला.

"बटण वर काढा. इकडे सगळं ऐकू येतंय."

मशीनवर एकच पट्टा हलला. चौथा.

आवाजाच्या तळाशी खरखर होती.

ठिणगीला वाटलं, खुर्ची खाली चाललीय. दोर तुटल्यासारखी. तिनं टेबल धरलं. घुबड बटणावर नखं घासत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. त्यानंही पट्टा पाहिला होता, आवाज तर तो वीस वर्षं ऐकत होता. झोपेत ओळखीन, ती म्हणायची. जागेपणी, डोळे मिटून, तीनदा ऐकला, आणि ओळखला नाही. वर तिलाच लिफ्ट म्हटलं. म्हातारी लिफ्ट. आणि ते सातही जणांनी ऐकलं.

डॉक्टर डोकं टेबलावर आडवं टाकून कानातल्या बोळ्यांवर औषधाचे थेंब सोडत होता. त्याला काही पत्ता नव्हता. "काय झालं? कोण बोललं?"

"काही नाही," घुबड म्हणाला, "बटण अडकलंय."

"अं?"

"बटण!"

"ते जाऊ दे. आण शीट." डॉक्टरनं खिशातून पेन काढलं. "चार ना? नक्की?"

ठिणगीचा हात तिला न विचारताच हलला. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं तिनं चार खोडला आणि पाच लिहिला. पाचच का? काही कारण नव्हतं. चारच्या शेजारी पाच होता, बस.

"चुकले मी," ती ओरडली, डॉक्टरला ऐकू जावं म्हणून. "चार नाही! पाच!"

बटण अजून वर आलं नव्हतं.

पाचवा पट्टा हलला. एकच दिवा, तळाचा.

"मी?" कोणीतरी म्हणालं.

एवढंच. तो आवाज ठिणगीनं ओळखला. खोकल्याच्या गोळ्यांची बाई.

त्या खोलीत नंतर किती वेळ गेला ते ठिणगीला कधीच सांगता आलं नाही. घड्याळात बघायला गेलं तर चारपाच सेकंद. डॉक्टर पेन धरून होता. घुबडानं चष्मा काढला होता. चष्म्याशिवाय तो अगदीच साधा माणूस दिसत होता. मग चौथा पट्टा पुन्हा चढला.

"चारच लिही, पोरी. तू बरोबर ऐकलंस." आवाज शांत होता. "आणि डॉक्टरांना सांग, माझा उजवा कान गेलाय. पूर्ण. दोन वर्षं झाली."

किटली. टॉवेल. फोन. रस्त्यात ढकलून डावीकडे घेणं. 'बहिरी झालीस का गं?' सगळं ठिणगीच्या डोळ्यांसमोरून एका दमात गेलं, आणि प्रत्येक गोष्टीनं जाता जाता एक थोबाडीत मारली.

"काय म्हणतायत पलीकडे?" डॉक्टर वैतागला. "कोणीतरी सांगा ना मला!"

घुबडानं ठिणगीकडे पाहिलं, म्हणजे हे तुझं तूच निस्तर. तिनं डॉक्टरच्या कानाजवळ तोंड नेलं. जे तिला स्वतःशी पुटपुटायचं धाडस नव्हतं, ते तिला ओरडून सांगावं लागलं, स्टुडिओभर ऐकू जाईल असं.

"चार नंबर म्हणतोय, उजवा कान गेलाय! दोन वर्षं!"

"कोण चार नंबर?"

"माझी आत्या!"

डॉक्टरनं कानातले बोळे काढले. शीट उजेडात धरली. खोडलेला चार कागदावर अजून दिसत होता, वरचा पाच त्याच्यावर बसल्यासारखा. त्यानं पाचावर काट मारली, शाईनं चार लिहिला, सही केली. आणि स्वतः उठून पडदा उघडला.

पद्धतीप्रमाणे सातही जण चिठ्ठ्या काचेला लावून उभे होते. चारची चिठ्ठी आत्यानं डाव्या हातानं धरली होती. हेडफोन उजव्या कानावरून मागे सरकवलेला. ती ठिणगीकडे बघत होती. राग नव्हता, रडं नव्हतं; भाजीवाल्यानं माप बरोबर घातलं का हे बघताना असतो तसा चेहरा. तिच्या शेजारी खोकल्याच्या गोळ्यांची बाई. तिची चिठ्ठी काचेवर टकटक वाजत होती.

सगळे बाहेर आले तेव्हा ठिणगी दारात उभी राहिली. "मी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पाच नंबरची बाई तिच्यासमोर थांबली. "मी गेले असते," ती म्हणाली. ओरडली नाही. जणू तिला स्वतःलाच पटत नव्हतं. "घरी जाऊन सांगितलं असतं, माझा सूर गेला. आणि मला ते खरं वाटलं असतं." तिनं डबी उघडली, एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, डबी मिटली आणि गेली.

डॉक्टरनं ठिणगीला आत बोलावलं. तिला वाटलं, आता हाकलतोय. हाकललं तर बरं, असंही वाटलं.

"कान सोन्याचा आहे," डॉक्टर म्हणाला. "हात चोराचा. पेन्सिल ठेव इथे."

तिनं ठेवली.

"उद्या पेन घेऊन ये. रबर असलेलं काही ह्या खोलीत दिसलं तर तू दिसणार नाहीस."

परत जाताना आत्या आणि ती चालतच निघाल्या. ठिणगी उजवीकडून चालत होती, आज आत्यानं तिला ढकललं नव्हतं. मग एकदम लक्षात येऊन ती वळसा घालून डावीकडे आली. आत्यानं ते पाहिलं.

"का नाही सांगितलंस?" ठिणगीनं विचारलं.

"काय सांगू? गाणाऱ्या बाईचा कान गेला म्हणून? आचाऱ्यानं सांगावं, मला चव कळत नाही!" आत्या म्हणाली. "एका कानावर दोन वर्षं काढली. शेजारणीच्या गळ्याची शीर बघून सूर धरायचे. आज सकाळी डॉक्टर बोळे घालून आला, म्हटलं, चला, देव पावला, ह्या वर्षी वाचले." ती हसली. "मला काय माहीत आत तुला बसवलंय."

"मी तुला म्हातारी लिफ्ट म्हटलं."

"ऐकलं मी. चांगल्या कानाला होता हेडफोन."

"आत्या, मी तुला ओळखलं नाही गं."

आत्या रस्त्यात थांबली. पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. "सव्वीस वर्षांत," ती म्हणाली, "माझ्या कामाची एवढी तारीफ कोणी केली नव्हती."

"आता काय करशील?"

"आधी घरी जाईन. ते काही सोपं नाहीय."

घरी बाबा कामावरून नुकतेच आले होते, हाताला अजून वंगण. आई शिवणाच्या मशीनवर. आत्या सरळ ओट्याशी गेली आणि किटलीत पाणी भरायला लागली, पाठ सगळ्यांकडे. बाबा तिच्या उजव्या बाजूला येऊन फ्रिजला टेकले. वर फॉर्म, फॉर्मवर नट.

"काय ताई, टिकली का तुझी भाची? की भरू फॉर्म?"

आत्या पाणी भरत राहिली.

"ताई, तुला विचारतोय."

नळ वाहत होता. बाबांच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे गेलं ना हेही? दोघी मिळून माझ्यापासून लपवताय ना?"

आईनं मशीन थांबवलं. तीन महिन्यांपूर्वीची ठिणगी असती तर तिनं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. आताची पुढे गेली, नळ बंद केला. मग बाबांचा वंगणाचा हात मनगटाला धरून तिनं त्यांना फ्रिजपासून ओढलं, आत्याच्या मागून पलीकडे नेलं आणि डाव्या बाजूला उभं केलं.

"अगं काय चाललंय काय?" बाबा म्हणाले.

"बाबा," ठिणगी म्हणाली, "आता इकडून विचारा."